तव्याने अडवलेली गोळी

१८ मार्च २०१४ रोजी ब्लिझार्ड या अमेरिकी गेम कंपनीने आपलं चालतं दुकान आपल्याच हाताने बंद केलं. 'डायब्लो ३' या गेममध्ये सापडलेल्या तलवारी, चिलखतं, अंगठ्या खेळाडूंनी एकमेकांना विकाव्यात म्हणून कंपनीने लिलावघर उघडलं होतं. एक दालन गेममधल्या सोन्याच्या नाण्यांचं, दुसरं खऱ्याखुऱ्या डॉलरचं. डॉलरच्या दालनात एका वस्तूला जास्तीत जास्त २५० डॉलर किंमत लावता यायची आणि हत्यार किंवा चिलखत विकलं गेलं की कंपनी त्यातला एक डॉलर ठेवून घ्यायची. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून दुकान बसलं, असं काही झालं नाही. गिऱ्हाईक भरपूर होतं. तेच दुखणं होतं.

गेम न खेळणाऱ्यांना हे चमत्कारिक वाटेल, म्हणून थोडं मागून सांगायला हवं. अशा गेममध्ये राक्षस मेला की त्याच्याजवळून काहीतरी जमिनीवर पडतं. कधी चार नाणी, कधी औषधाची बाटली, कधी मोडकी ढाल, आणि क्वचित कधीतरी अशी तलवार, जिच्यापायी माणूस उद्याची परीक्षा विसरतो. याला लूट म्हणतात. जेवायला हाक मारल्यावर घरातला मुलगा 'बीजीएमआय' या मोबाइल गेममधून मान वर न काढता "दोन मिनिटं, लूट करतोय" म्हणतो, ती हीच. या वस्तूंना वजन नाही, वास नाही, पडद्याबाहेर उपयोग नाही. तरीही वीस वर्षांपूर्वी सापडलेल्या एखाद्या अंगठीचं नाव लोकांच्या तोंडी असतं आणि गेल्या महिन्यात विकत घेतलेल्या बंदुकीचं नाव आज आठवत नाही. असं का होतं, याचं स्वच्छ उत्तर 'डायब्लो'च्याच इतिहासात आहे.

पहिला 'डायब्लो' १९९६ संपता संपता आला. तो बनवणाऱ्या चमूचा म्होरक्या डेव्हिड ब्रेव्हिक याला कॉलेजात असताना 'मोरिया' नावाच्या गेमचं वेड लागलं होतं आणि 'मोरिया' हा १९८०च्या 'रोग'चा वंशज. त्या गेममध्ये चित्रं नव्हती. कीबोर्डवरची अक्षरं आणि चिन्हं हेच राक्षस, हेच सोनं, हेच तळघर. 'रोग'मध्ये बाटली सापडली तरी आत काय आहे ते प्यायल्याशिवाय कळत नसे. जखम भरून आली तर ठीक, डोळे गेले तर भोगा. शिवाय प्रत्येक नव्या डावात रंग बदलायचे, त्यामुळे मागच्या खेपेला जीव वाचवणारी निळी बाटली या खेपेला घात करू शकायची. 'डायब्लो'ने ही सगळी धाकधूक उचलली आणि माऊसच्या एका क्लिकवर आणून ठेवली.

२००० साली आलेल्या दुसऱ्या भागाने तिला कळस चढवला. पडणाऱ्या वस्तूचं नाव तिच्या दर्जाप्रमाणे रंगात उमटायचं: साधी पांढरी, जादूची निळी, दुर्मीळ पिवळी, संचातली हिरवी आणि सगळ्यात मोलाची सोनेरी. वस्तू पडताना हवेत एक गिरकी घ्यायची. अंगठी पडली तर बारीक 'टिंग' वाजायचं आणि किंकाळ्यांच्या, धडाक्यांच्या कल्लोळातून तेवढा एक आवाज वेचायला खेळाडूंचे कान तयार झाले होते. काय मिळालं हे कळण्याआधीचा तो अर्धा क्षण बनवणाऱ्यांनी जीव लावून घडवला होता.

यात जुगाराचा अंश आहे, हे मान्य करूनच पुढे जायला हवं. दाणा केव्हा मिळेल याचा अंदाज येईनासा झाला की कबुतराची चोच थांबत नाही, हे बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने प्रयोगांनी दाखवून दिलं होतं. स्लॉट मशीन त्यावरच चालतं, मटकाही आणि 'डायब्लो'सुद्धा. पण निव्वळ अनिश्चिततेने काम भागत असतं तर नाणंफेक हा जगातला सर्वोत्तम खेळ ठरला असता. सापडल्यानंतर त्या वस्तूचं काय होतं, हा पुढचा भाग खरा महत्त्वाचा.

'स्टोन ऑफ जॉर्डन' नावाच्या अंगठीचं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. ती घातली की पात्राची सगळी कौशल्यं एकेक पायरी वर जायची, मग पात्र कुठलंही असो. पिशवीत तिला एकच चौकोन लागायचा. दुसऱ्या भागात सोन्याची नाणी ढिगाने मिळायची, त्यामुळे त्यांना कुणी विचारत नसे. तेव्हा खेळाडूंनी कुणी न सांगता ही अंगठीच चलन म्हणून वापरायला सुरुवात केली: अमुक चिलखताला दोन अंगठ्या, तमुक भाल्याला पाच. हळदीकुंकवातला ब्लाउजपीस जसा कुणी शिवत नाही, नुसता या ओटीतून त्या ओटीत फिरतो, तशा हजारो अंगठ्या बोटात न जाता फिरू लागल्या. मग प्रोग्राममधल्या फटी शोधून लोकांनी त्यांच्या नकला काढल्या आणि अंगठ्यांचा पूर आला.

यावर २००३च्या सुधारित आवृत्तीत जे झालं ते गेमच्या इतिहासातल्या चतुर चालींपैकी एक आहे. खेळाडूंनी पुरेशा अंगठ्या गेममधल्या व्यापाऱ्याला विकल्या की डायब्लो हा राक्षसांचा म्होरक्या पृथ्वीवर अवतरल्याची घोषणा पडद्यावर व्हायची आणि नेहमीपेक्षा कितीतरी भयंकर असा राक्षस समोर उभा राहायचा. त्याला मारणाऱ्याला 'अ‍ॅनायहिलस' नावाचा, दुसऱ्या कुठेच न मिळणारा ताईत मिळायचा. त्या ताइताच्या आशेने लोक अंगठ्यांच्या राशी आपणहून व्यापाऱ्याच्या पदरात ओतू लागले. जप्ती न करता बाजारातलं खोटं चलन कमी झालं आणि त्या निमित्ताने एक मोठी लढाईही झाली.

त्याच आवृत्तीत 'एनिग्मा' आलं. चिलखतात तीन ठरावीक रून, म्हणजे मंतरलेले दगड, ठरलेल्या क्रमाने बसवले की ते तयार होतं. त्याच्यामुळे पुष्कळ आकडे वाढतात, पण लोकांनी महिनोन्‌महिने त्यासाठी घाम गाळला तो एका गोष्टीसाठी. डोळ्याचं पातं लवायच्या आत एका जागेवरून दुसऱ्या जागी प्रकट होण्याची विद्या मुळात जादूगारिणीची होती. 'एनिग्मा' अंगावर चढलं की अवजड चिलखतातला पॅलाडिन योद्धाही भिंतीपलीकडे जायचा. गेम तोच, नकाशे तेच, राक्षस तेच, पण त्यातून जाण्याची रीत बदलली. दहा टक्के जास्त वार करणारी तलवार आणि भिंत ओलांडू देणारं चिलखत यांतला हा फरक ज्या गेमकर्त्यांना कळतो, त्यांच्या वस्तू लोकांच्या लक्षात राहतात.

मग १५ मे २०१२ला तिसरा भाग आला. पहिल्या आठवड्यातच ६३ लाख प्रती गेल्या आणि १२ जूनला डॉलरचं लिलावघर उघडलं. कंपनीचा विचार वरकरणी शहाणपणाचा होता. दुसऱ्या भागाच्या वस्तू परभाऱ्या वेबसाइटवर विकल्या जातच होत्या, त्यात फसवणूकही होत होती. मग तो व्यवहार आपल्याच छपराखाली सुरक्षित व्हावा. चूक हिशेबात होती. लाखो लोकांनी मारलेल्या राक्षसांची लूट एका दुकानात जमा झाली, की एकट्या माणसाच्या समोर पडलेली वस्तू त्या दुकानातल्या वस्तूपेक्षा सरस असण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही. तास तास लढून रानटी योद्ध्याला मिळायचा काय, तर बुद्धी वाढवणारा कमरपट्टा, जो त्याच्या काडीच्या कामाचा नाही. आणि लिलावघरात चार नाणी फेकली की त्याच्या मापाची, दुप्पट ताकदीची कुऱ्हाड हजर. साहजिकच लोक राक्षसांना सोडून दुकानात बसू लागले. गेमचा माजी प्रमुख जे विल्सन याने २०१३च्या मार्चमध्ये गेमकर्त्यांच्या परिषदेत, लिलावघरांनी गेमचं नुकसान केल्याची जाहीर कबुली दिली. सप्टेंबरमध्ये ती बंद करण्याची घोषणा झाली.

बंद करण्याच्या तीन आठवडे आधी कंपनीने लुटीची सगळी घडीच बदलली. कमी वस्तू पडू लागल्या, पण ज्या पडायच्या त्या बहुतेक वेळा खेळणाऱ्याच्या पात्राला साजेशा. उत्तमोत्तम वस्तूंची विक्री थांबली. आणि त्या वस्तूंना आकड्यांपलीकडचे गुण मिळाले. 'वँड ऑफ वो' या छडीने जादूगाराच्या एका स्फोटामागे आणखी तीन स्फोट व्हायला लागले. लोक परतले. आजही ज्या 'डायब्लो ३'चं कौतुक होतं तो हा, दुकान उठवल्यानंतरचा.

यावरून बाजारच वाईट, असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी न्यूझीलंडकडे पाहावं. तिथल्या एका छोट्या कंपनीने २०१३मध्ये 'पाथ ऑफ एग्झाइल' काढला. त्यातही खेळाडू एकमेकांशी अखंड व्यापार करतात, पण पुढची बरीच वर्षं त्या गेममध्ये सोन्याचं नाणंच नव्हतं. चलन होते वेगवेगळे मंतरलेले गोळे. एक गोळा साध्या वस्तूला जादूची करतो, दुसरा तिचे सगळे गुण उलथेपालथे करतो. गोळा देऊन वस्तू घ्यावी की गोळा स्वतःच्या वस्तूवर वापरून नशीब आजमावावं, हा पेच हरघडी पडतो. खर्चायच्या प्रत्येक पैशाला हातात एक काम आहे. व्यापार खेळाच्या पोटातून निघाला तर तो खेळाला मारत नाही, एवढं या उदाहरणाने सिद्ध केलं.

आकड्यांच्या मोहाचं टोक म्हणजे 'बॉर्डरलँड्स'. २००९च्या या गेममध्ये संगणक सुटे भाग जोडून बंदुका तयार करतो आणि त्यांची संख्या पावणेदोन कोटींहून जास्त असल्याची गिनीज बुकात नोंद आहे. पण दुसऱ्या भागातली कुठली बंदूक लक्षात राहिली? गोळ्या संपल्यावर भरायची नाही, शत्रूवर भिरकावून द्यायची. ती बॉम्बसारखी फुटते आणि नवी आपसूक हातात येते, ती. बाकी सगळी संख्या जाहिरातीच्या कामी आली.

खरी श्रीमंती शोधायची तर १९८७च्या 'नेटहॅक'मध्ये. फुकट मिळणारा, रुक्ष दिसणारा, अक्षरांचा गेम. त्यात कॉकाट्रिस नावाचा एक प्राणी आहे, ज्याला नुसत्या हाताने स्पर्श केला तर माणूस दगड होतो. तो मेल्यावरही त्याच्या देहाचा गुण जात नाही. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं: हातमोजे घालून तोच देह उचलला आणि समोरच्या राक्षसाला फटकावला तर? राक्षस दगड होतो. गेमकर्त्यांनी याचा विचार आधीच करून ठेवला होता. एवढंच नाही, असा देह हातात घेऊन चालणारा खड्ड्यात पडला तर त्याच देहावर आपटून स्वतः दगड होतो, हेही त्यांनी योजून ठेवलं होतं. या वस्तूला चमक नाही, दर्जाचा रंग नाही. पण तिच्यातून निघालेले किस्से चाळिशी गाठत आलेल्या या गेमला अजून पुरताहेत. निन्टेन्डोने २०१७च्या 'झेल्डा'त हाच धागा पुढे नेला. तिथे वादळात धातूच्या तलवारीवर वीज पडते, आणि हे ओळखलेला खेळाडू आपली तलवार शत्रूच्या पायाशी टाकून लांब पळतो. त्या गेममधली शस्त्रं वापरून मोडतात, यावर पुष्कळांनी बोटं मोडली. ती मोडतात म्हणूनच टाकून द्यायला हात धजावतो, हे मात्र तक्रार करणारे विसरतात.

'डार्क सोल्स' या २०११च्या जपानी गेमने वस्तूंना बोलतं केलं. त्याचा दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी लहानपणी इंग्रजी पुस्तकं अर्धवट समजत वाचायचा आणि न कळलेला भाग कल्पनेने भरून काढायचा, असं त्याने एका मुलाखतीत सांगितलं आहे. त्याच्या गेममध्येही गोष्ट कुणी सरळ सांगत नाही. ती अंगठ्यांच्या, चिलखतांच्या खाली लिहिलेल्या दोनचार ओळींत विखुरलेली असते. एक अंगठी जीव, दम आणि वजन पेलण्याची ताकद वाढवते, पण एकदा घातली की काढायची नाही. काढली तर कायमची तुटते. ती असते लॉट्रेक नावाच्या शूराच्या बोटात. हवी असेल तर त्याला मारावं लागतं, तोवर त्याने काही वाकडं केलेलं नसलं तरी. आणि त्याला जिवंत सोडलं तर पुढे तोच एका असहाय बाईचा खून करतो. एका अंगठीत एवढं कोडं भरलेलं असताना तिच्यामुळे किती टक्के वाढ होते याची आठवण कोण ठेवतो?

आपल्याकडच्या मुलांना हे सगळं कळायला डायब्लो किंवा लॉट्रेक ठाऊक असण्याची गरज नाही. त्यांना पॅन माहीत आहे. २०१७चा 'पबजी' आणि त्याचा मोबाइल अवतार महाराष्ट्राच्या गावागावांत पोहोचला. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने मोबाइल 'पबजी'वर बंदी घातली आणि २ जुलै २०२१ला तो 'बीजीएमआय' या नावाने परतला. शंभर जण विमानातून रिकाम्या हातांनी उडी मारतात आणि घराघरांत शिरून मिळेल ते उचलतात. त्यात कधी सापडतो एक तवा, हाच तो पॅन. मारामारीसाठी तो बरा आहेच, पण कमरेमागे लटकवला की पाठीमागून आलेली गोळी त्यावर 'ठण्ण' करून आदळते आणि अडते. कुठल्याही बंदुकीची. चिलखत झिजतं, हेल्मेट फुटतं, तवा शाबूत. ज्या जपानी चित्रपटावरून या प्रकारच्या गेमना 'बॅटल रॉयल' हे नाव मिळालं, त्यात नायकाच्या वाट्याला हत्यार म्हणून भांड्याचं झाकण येतं. तव्याचं मूळ तिथे असावं असं अनेकांना वाटतं. मूळ काहीही असो, स्वयंपाकघरातल्या भांड्याने नेमबाजाला चकवलं ही गोष्ट मुलं मित्रांना रंगवून सांगतात. 

त्याच गेममधली 'एडब्ल्यूएम' ही रायफल एरव्ही कुठल्या घरात पडलेली नसते. ती विमानातून सोडलेल्या पेटीतच येते आणि पेटी लाल धूर सोडते. म्हणजे लुटीची दवंडी आख्ख्या बेटावर पिटली जाते. तिकडे धावावं, की धावणाऱ्यांवर दबा धरून बसावं? बंदूक हाती येण्याआधीच तिच्याभोवती लढाई उभी राहते. आणि डाव संपला की सगळं शून्य, पुढच्या डावात राजाही रिकाम्या हातांनीच उडी मारतो. या बाबतीत 'पबजी' जुन्या 'रोग'च्या फार जवळ आहे, आणि त्यात जे उत्तम आहे ते बहुतेक इथेच आहे.

डाव संपल्यावरही जे उरतं, ते मात्र दुसऱ्याच दारातून येतं. रंगीबेरंगी कपडे, बंदुकांचे रंग, म्हणजे स्किन. 'एम४१६'ची बर्फाळ 'ग्लेशियर' स्किन ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे मुलं आदराने पाहतात. ती मिळते क्रेट, म्हणजे बंद पेटी, उघडून आणि क्रेट उघडायला लागणारं यूसी नावाचं चलन पैसे भरून घेतात. गेमवाल्यांची बाजू अशी, की स्किनने लढाईत काही फरक पडत नाही आणि हौशी लोक पैसे देतात म्हणून बाकीच्यांना गेम फुकट मिळतो. ही बाजू खरी आहे. विकलेल्या वस्तूने खेळ जिंकून देण्यापेक्षा तिने नुसतं मिरवणं शंभर पटींनी बरं. २०१७मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २'मध्ये लढाईत फायदा देणाऱ्या वस्तूच पेट्यांत घातल्या, तेव्हा खेळाडू इतके खवळले की गेम विक्रीला येण्याच्या आदल्या दिवशी पैसे घेऊन होणारी विक्री थांबवावी लागली.

पण मिरवायची वस्तू सरळ किंमत लावून का विकत नाहीत? पेटीतच का? इथे 'डायब्लो'चा तो अर्धा क्षण उचलून आणला आहे, फक्त राक्षस वगळून. लढाई नाही, धोका नाही, निवड नाही. पैसे भरायचे, झगमगाट पाहायचा, नको असलेली टोपी घ्यायची आणि पुन्हा पैसे भरायचे. लूट म्हणून हा प्रकार भिकार आहे. जपानने २०१२मध्येच पेट्यांतल्या वस्तूंचा संच पुरा केल्यावर बक्षीस देण्याची पद्धत बेकायदा ठरवली. चीनने २०१७पासून प्रत्येक वस्तू मिळण्याची शक्यता जाहीर करायला लावली. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८मध्ये अशा पेट्यांना जुगार म्हटलं. आपल्याकडे २०२५चा ऑनलाइन गेमिंगविषयीचा केंद्रीय कायदा आला, त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्यावर आहे. पेटीतल्या टोपीचा स्वतंत्र विचार व्हायला हवा, निदान अल्पवयीन मुलांपुरता तरी.

तोवर पालकांना एक करता येईल. मुलगा किंवा मुलगी किती तास खेळली यावरून रोजची वादावादी होतेच; त्याच्या जोडीला आज काय सापडलं, कुठे सापडलं आणि त्याचं काय केलं, हे विचारून पाहावं. तव्याची किंवा लाल धुराची गोष्ट ऐकायला मिळाली तर ती पुरी ऐकावी. उत्तर क्रेटचं निघालं, तर मुलाला शेजारी बसवून त्या क्रेटची शक्यतांची यादी उघडावी. पेटीत कुठली वस्तू मिळण्याची किती टक्के शक्यता आहे हे खरेदीआधी दाखवणं अ‍ॅपलने डिसेंबर २०१७पासून आणि गूगलने २०१९पासून आपापल्या दुकानांतल्या गेमना बंधनकारक केलं आहे.